वीज कोणाकडून घ्यावी? कोल्हापुरातील लघु-मध्यम उद्योजकांसाठी पुरवठादार निवडण्याची रीत

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतील फाउंड्रीमालकांच्या टेबलावर अलीकडे एक कागद वारंवार येतो. डाव्या रकान्यात महावितरणचा सरासरी दर असतो, उजव्या रकान्यात एखाद्या सौर किंवा पवन प्रकल्पाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी दर असतो आणि खाली ठळक अक्षरांत वर्षाची बचत लिहिलेली असते. हा कागद बहुधा खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. प्रकल्पाच्या दाराशी वीज कितीला मिळते एवढेच तो सांगतो. आपल्या मीटरवर उतरेपर्यंत तिची किंमत किती होते आणि महावितरणला द्यायचे कोणते पैसे खरोखर वाचतात, या दोन गोष्टी मात्र आपल्यालाच काढाव्या लागतात. त्या कशा काढायच्या आणि त्यानंतर चार पुरवठादारांना एकमेकांसमोर कसे उभे करायचे, ते येथे क्रमाने मांडले आहे.

प्रथम आपल्याला निवड कोठवर आहे हे पाहू. मुंबईत काही भागांत दोन वितरण परवानाधारक आहेत आणि ग्राहक एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कोल्हापुरात वितरणाचा परवाना महावितरणकडेच आहे, त्यामुळे तारा, खांब, रोहित्रे आणि बिघाडाची तक्रार यांत काहीही बदलत नाही. स्पर्धा आहे ती त्या तारांमधून येणाऱ्या विजेच्या विक्रीत. वीज कायदा २००३ मधील कलम ४२ ने ओपन अ‍ॅक्सेसची, म्हणजे दुसऱ्याच्या तारांतून आपण खरेदी केलेली वीज आणण्याची वाट उघडली, पण तिचा उंबरठा एक मेगावॉटचा असल्याने आपल्याकडील बहुतेक कारखाने बाहेरच राहिले. केंद्र सरकारने ६ जून २०२२ रोजी हरित ऊर्जा ओपन अ‍ॅक्सेसचे नियम अधिसूचित केले आणि अक्षय ऊर्जेपुरता हा उंबरठा १०० किलोवॉटवर आणला. २०२३ च्या दुरुस्तीनुसार एकाच वीज विभागातील एकापेक्षा जास्त जोडण्यांची बेरीज १०० किलोवॉट झाली तरी चालते. शिरोलीत ज्यांचे फाउंड्री आणि मशीनशॉप असे दोन वेगवेगळे युनिट आहेत, त्यांनी ही बेरीज करून पाहावी. स्वतःच्या मालकीच्या, म्हणजे कॅप्टिव्ह विजेसाठी या नियमांत अशी मर्यादाच ठेवलेली नाही.

आधी स्वतःचे बिल

कोणत्याही विक्रेत्याला भेटण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांची बिले काढावीत आणि प्रत्येक बिलातील रक्कम दोन ढिगांत वाटावी. पहिल्या ढिगात मागणी आकार, म्हणजे तुम्ही एक युनिटही वापरले नाही तरी कमी-अधिक द्यावाच लागणारा पैसा. दुसऱ्या ढिगात वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क असे युनिटबरोबर वाढणारे आणि घटणारे आकार. वीज बाहेरून घेतली तरी महावितरणबरोबरचा मागणीचा करार कायम राहतो, म्हणून पहिला ढीग जवळजवळ जसाच्या तसा उरतो. स्पर्धा फक्त दुसऱ्या ढिगाशी आहे.

हे आकड्यांत पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. अर्ध्या टनाची एक इंडक्शन भट्टी आहे, एक टन रस, म्हणजे वितळलेला धातू, तयार करायला सुमारे ६०० युनिट लागतात, म्हणजे एका हीटला (भट्टीच्या एका खेपेला) ३०० युनिट. रोज सहा हीट आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर भट्टीचे ४५,००० युनिट होतात. कॉम्प्रेसर, सँड प्लांट, ग्राइंडिंग यांचे आणखी १५,००० धरून एकूण ६०,००० युनिट. बिल ७,८०,००० रुपये. भागाकार केला की सरासरी दर १३ रुपये येतो आणि विक्रेत्याच्या कागदावर हाच १३ असतो. पण या बिलातील २,४०,००० रुपये, म्हणजे युनिटमागे ४ रुपये, हा मागणी आकार आहे. तो बाजूला काढला की तुलना १३ शी न राहता ९ शी होते.

बिले समोर आहेतच, तर आणखी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण त्यांतील बचतीसाठी कोणत्याही पुरवठादाराची गरज लागत नाही. पहिली म्हणजे नोंदलेली कमाल मागणी आणि करार मागणी (एका वेळी घ्यायचा म्हणून करारात ठरवलेला कमाल भार) यांतील अंतर. वर्षभरात कमाल मागणी करारापेक्षा बरीच खाली राहत असेल तर करार मागणी कमी करून घेण्याचा अर्ज द्यावा. वारंवार वर जात असेल तर दंड भरण्यापेक्षा भट्टी आणि मोठा कॉम्प्रेसर एकाच वेळी पूर्ण भारावर येणार नाहीत अशी व्यवस्था पॅनेलवर करावी. दुसरी म्हणजे पॉवर फॅक्टर, अर्थात घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण. उच्चदाब ग्राहकांचे बिल २०२० पासून केव्हीएएच युनिटांवर, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेऐवजी एकूण घेतलेल्या विजेवर निघते, त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक नादुरुस्त असली की त्याचा भुर्दंड वेगळ्या ओळीत न दिसता थेट युनिटांतच मिसळून येतो आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

दारातला दर आणि मीटरवरचा दर

आता विक्रेत्याचा दर घ्या. समजा तो युनिटला ४ रुपये ३० पैसे सांगतो. प्रकल्पातून निघालेले १०० युनिट आपल्यापर्यंत १०० राहत नाहीत. पारेषण आणि वितरणातील घट वजा होते. उदाहरणादाखल ती एकूण १० टक्के धरली तर ९० युनिट पोहोचतात आणि दर ४ रुपये ७८ पैसे होतो. त्यावर पारेषण आकार, वहन आकार, भार प्रेषण केंद्राचे शुल्क, वीज शुल्क असे मिळून समजा २ रुपये १२ पैसे चढले. मीटरवरचा दर ६ रुपये ९० पैसे झाला. यालाच या व्यवसायात लँडेड कॉस्ट म्हणतात आणि तुलना करायची ती केवळ याच आकड्याची.

म्हणजे युनिटमागे खरी बचत ९ वजा ६.९०, अर्थात २ रुपये १० पैसे. महिना २५,००० युनिट बाहेरून घेतले तर ५२,५०० रुपये. विक्रेत्याच्या कागदावर मात्र १३ वजा ४.३० असे ८ रुपये ७० पैसे धरून त्याच युनिटांवर २,१७,५०० रुपयांची बचत दाखवलेली असते. साडेबावन्न हजार ही छोट्या फाउंड्रीसाठी मोलाची रक्कम आहे आणि ती घेण्यासारखीच आहे. परंतु सव्वादोन लाखांच्या भरवशावर ज्याने नवे मशीन हप्त्यावर उचलले, तो अडचणीत येतो.

म्हणून सर्व पुरवठादारांकडून कोटेशन मागताना एकच नमुना पाठवावा. दर मीटरवरचा हवा, घट, पारेषण, वहन, अधिभार आणि शुल्क प्रत्येक स्वतंत्र ओळीत हवे आणि प्रत्येक ओळीसमोर तो आकडा महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या कोणत्या आदेशातून घेतला ते लिहिलेले हवे. आयोगाचे दर-आदेश संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत, त्यामुळे ओळी पडताळायला एक दुपार पुरते. असा तक्ता द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला यादीतून वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या ओळींपैकी सर्वांत जड दोन अधिभार आहेत. क्रॉस सबसिडी अधिभार हा, मोठा ग्राहक निघून गेल्यामुळे घरगुती आणि शेतीपंपांच्या स्वस्त विजेचा जो भार महावितरणवर उरतो, त्यापोटी घेतला जातो. अतिरिक्त अधिभार हा महावितरणने आधीच करार करून ठेवलेल्या विजेच्या स्थिर खर्चापोटी असतो. त्रयस्थ प्रकल्पाकडून साधी खरेदी केली तर पहिला अधिभार बचतीचा मोठा भाग खाऊन टाकतो. कॅप्टिव्ह विजेला मात्र कायद्यानेच क्रॉस सबसिडी अधिभारातून सूट दिली आहे, आणि अतिरिक्त अधिभारही कॅप्टिव्ह ग्राहकाला लागत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला, तोही महावितरणच्याच प्रकरणात. आज बहुतेक विक्रेते समूह-कॅप्टिव्हचा आग्रह धरतात त्याचे कारण हेच आहे.

समूह-कॅप्टिव्ह: शेजाऱ्याचाही हिशेब पाहावा लागतो

समूह-कॅप्टिव्हमध्ये तुम्ही प्रकल्पाच्या कंपनीत भागधारक होता. वीज नियम २००५ नुसार वीज वापरणाऱ्यांकडे मिळून किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षभरात निर्माण झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरलेली हवी. शिवाय प्रत्येकाचा वापर त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात असावा लागतो आणि त्यात १० टक्क्यांपर्यंतच फरक चालतो.

येथे बारकाईने थांबले पाहिजे. एखाद्या वर्षी ५१ टक्क्यांची अट मोडली तर प्रकल्पाची त्या वर्षाची सगळी वीज कॅप्टिव्ह राहत नाही, आणि वाचलेला अधिभार मागे जाऊन भरण्याची वेळ येऊ शकते. समजा समूहात पाच कारखाने आहेत, आणि त्यांतील दोघांची ट्रॅक्टर किंवा पंप उद्योगाची मागणी पडल्यामुळे त्यांनी एक पाळी बंद केली. तुमचा वापर चोख असूनही वर्षअखेरीस समूहाची बेरीज ढासळू शकते. त्यामुळे पुरवठादाराला विचारायचा पहिला प्रश्न दराचा नसून, माझ्याबरोबर समूहात कोण आहेत, त्यांचा मागील तीन वर्षांचा वापर किती आणि अट मोडल्यास अधिभार कोण भरणार, हा असला पाहिजे. उत्तर करारात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाचा येथे उपयोग नाही.

भागभांडवलाचाही हिशेब मांडावा. वरच्या उदाहरणातील महिना २५,००० युनिट म्हणजे वर्षाला तीन लाख. महाराष्ट्रात एक मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला ढोबळमानाने १५ लाख युनिट देतो, म्हणजे आपला वाटा सुमारे २०० किलोवॉटचा झाला. त्यासाठी समजा सहा लाख रुपये भाग म्हणून गुंतवावे लागले आणि तेच पैसे कॅश क्रेडिटमध्ये भरले असते तर १० टक्के व्याज वाचले असते, तर महिन्याला ५,००० रुपये बचतीतून वजा करावेत. उरतात ४७,५००. करार संपल्यावर किंवा कारखाना विकल्यावर हे भाग कोण आणि कोणत्या किमतीला परत घेणार, हे कलम तर आवर्जून वाचावे. अनेक मसुद्यांत ते दर्शनी किमतीला घेण्याचे असते आणि तेही पुरवठादाराच्या सोयीने.

समूह बाहेरच्या विक्रेत्यानेच जमवावा असे कोठेही लिहिलेले नाही. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा, कागल-हातकणंगलेची मॅक अशा संघटना आपल्याकडे आहेत आणि एकमेकांच्या पाळ्या, ऑर्डरी, उधारी सदस्यांना चांगल्या माहीत असतात. दहा-बारा सदस्यांनी आपला वापर एकत्र मांडून पुरवठादारांकडून बंद पाकिटात दर मागवले, तर २०० किलोवॉटच्या ग्राहकाला जो दर सांगितला जातो त्यापेक्षा वेगळी बोली लागण्याची शक्यता असते. सहकाराची सवय असलेल्या या जिल्ह्याला हे अवघड जाऊ नये.

तुमची भट्टी कोणत्या तासाला चालते?

दराइतकाच महत्त्वाचा आहे वेळ. कोल्हापुरातील कित्येक फाउंड्र्यांनी वर्षानुवर्षे रात्री दहानंतर भट्ट्या चालवल्या, कारण टीओडी, म्हणजे दिवसाच्या तासांनुसार दर बदलण्याच्या पद्धतीत रात्रीच्या युनिटाला सवलत होती. दिवसभर मोल्डिंग करायचे आणि रात्री रस ओतायचा, असा पूर्ण कारखाना त्या सवलतीभोवती बसवलेला असतो. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनी सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि १० किलोवॉटवरील व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांसाठी गर्दीच्या तासांतील दर किमान १.२ पट ठेवण्याचे सूत्र घातले. महाराष्ट्रातही २०२५ च्या दर-आदेशापासून सवलतीचा रोख दिवसाच्या तासांकडे वळला आणि ते आदेश पुढे न्यायालयीन वादातही गेले. म्हणून ऐकीव माहितीवर न जाता चालू महिन्याच्या बिलावर छापलेले टीओडीचे तास आणि त्यांपुढील अधिक-वजा आकडे पाहूनच हिशेब करावा.

यातून पुरवठादाराविषयी एक थेट प्रश्न निघतो. सौर वीज दिवसा येते. तुमच्या ६०,००० युनिटांपैकी ४५,००० रात्री जात असतील, तर दिवसा येणारे २५,००० युनिट घ्यायला दिवसाचा भार फक्त १५,०००च उरतो. उरलेली वीज बँकिंगमध्ये जाते, म्हणजे नंतर परत घेण्यासाठी महावितरणकडे जमा होते. केंद्राच्या नियमांत बँकिंगची सोय किमान महिन्याच्या हिशेबाने देण्याची तरतूद आहे, पण त्यावर आकार असतो आणि साठवलेली वीज कोणत्या तासांत परत घेता येईल यावर राज्याची बंधने असतात. दिवसाच महावितरणची वीज स्वस्त असेल, तर बाहेरून आणलेली सौर वीज जिची जागा घेते ती वीजही स्वस्तच असते, आणि ९ रुपयांशी केलेली आपली तुलना त्या तासांपुरती आणखी खाली येते. भट्टी दिवसा चालवणे शक्य आहे का, कामगारांच्या पाळ्या बदलतील का, मोल्ड ठेवायला जागा पुरेल का, हे फोरमनबरोबर बसून ठरवल्याशिवाय सौर करारावर सही करू नये.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार हवा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सौर निर्मिती खाली येते. याच काळात साताऱ्याच्या पठारांवर वारा जोरात असतो आणि पवनचक्क्या भरात असतात. त्यामुळे सौर-पवन संकरित प्रकल्पाचा दर केवळ सौर प्रकल्पापेक्षा काही पैशांनी जास्त दिसला तरी वर्षाच्या बेरजेत, विशेषतः रात्री चालणाऱ्या भट्टीसाठी, तो सरस ठरू शकतो. जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांची बगॅसपासूनची वीज गाळप हंगामात दिवसरात्र मिळू शकते, पण तिचा मोठा भाग महावितरणलाच जातो आणि हंगाम संपला की ती थांबते; एखाद्याकडे शिल्लक असेल तर पूरक म्हणून विचारावे. प्रत्येक विक्रेत्याकडून वर्षाचा एकच आकडा न घेता बारा महिने आणि दिवसाचे तास अशी अपेक्षित निर्मिती मागावी आणि ती आपल्या मीटरच्या नोंदीवर ठेवून पाहावी. या नोंदी पंधरा-पंधरा मिनिटांच्या असतात, दिवसाला ९६; वीज एक्सचेंजवरील, म्हणजे बोली लावून वीज विकत घेण्याच्या बाजारातील व्यवहारही याच ९६ तुकड्यांत होतो.

एक्सचेंजवरून थेट खरेदीचा मोह लहान ग्राहकाने सहसा टाळावा. दुपारी तेथे वीज स्वस्त मिळते हे खरे, पण संध्याकाळच्या टंचाईत भाव युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत चढू शकतो आणि रोज बोली लावायला स्वतंत्र माणूस लागतो.

करारातील कलमे आणि अर्ज

मसुदा हातात आला की चार ठिकाणी पेन्सिलीने खूण करावी. किमान उचलीची अट, म्हणजे तुम्ही वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे का आणि किती टक्क्यांचे. हमी निर्मितीची अट, म्हणजे प्रकल्पाने कमी वीज दिली तर तुम्हाला भरपाई काय. पहिली अट बहुतेक मसुद्यांत असते, दुसरी मागितल्याशिवाय येत नाही. तिसरी कायदा बदलाची. उद्या आयोगाने नवा आकार लावला तर मसुदा तो मुकाट्याने ग्राहकावर ढकलतो. तो अर्धा-अर्धा वाटून घेण्याचा किंवा लँडेड कॉस्ट ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास दंडाविना बाहेर पडण्याचा हक्क मागावा. चौथी मुदतीची. पंचवीस वर्षांच्या करारात पाच वर्षांपर्यंत लॉक-इन आणि त्यानंतर नोटीस देऊन बाहेर पडण्याची सोय मिळत असेल, तर दरात दहा पैसे जास्त देऊनही ती घ्यावी, कारण ज्या धंद्यात पुढील वर्षाची ऑर्डर नक्की नसते तेथे पंचवीस वर्षांचा शब्द फार मोठा असतो.

ज्यांचा भार १०० किलोवॉटच्या आत आहे त्यांची स्पर्धा बहुधा छतावरच्या सौर पॅनेलांत आहे. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरून, पत्र्याची ताकद तपासून, स्वतःच्या पैशाने बसवायचे की कंपनीने बसवून युनिटप्रमाणे पैसे घ्यायचे, अशा दोन्ही पद्धतींचे दर मागवावेत. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांनी शासनाच्या वीज अनुदानानंतरचा आपला निव्वळ दर आधी काढावा. तो इतका खाली येतो की बाहेरची वीज पुष्कळदा परवडत नाही. केवळ परदेशी खरेदीदाराने हरित विजेचे प्रमाणपत्र मागितले म्हणून धावाधाव चालली असेल, तर महावितरणकडेही अधिक दर देऊन हरित वीज घेण्याची सोय आहे, ती आधी विचारावी. 

हरित ओपन अ‍ॅक्सेसचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर भरला की तो संबंधित नोडल, म्हणजे मंजुरी देणाऱ्या संस्थेकडे जातो, आणि तांत्रिक अटी पूर्ण असल्यास १५ दिवसांत निर्णय न आल्यास मंजूर समजला जावा अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात वेळ जातो तो कागदपत्रांत आणि स्पेशल एनर्जी मीटर बसवण्यात, म्हणून थकबाकी आणि जुने वाद आधी मिटवून घ्यावेत. वीज सुरू झाल्यावर पहिली तीन बिले स्वतः तपासावीत. एका कारखान्याचे बिल माझ्यासमोर आले तेव्हा प्रकल्पाच्या निर्मिती-पत्रकात आणि महावितरणच्या बिलातील वजावटीत जवळजवळ एका आठवड्याच्या युनिटांचा फरक होता आणि तो दोन महिने कोणी पाहिलाच नव्हता. असा फरक लगेच लेखी कळवावा. दाद मिळाली नाही तर कोल्हापूर परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि मंचाच्या आदेशानंतर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे. त्यासाठी दर महिन्याच्या पाच तारखेला प्रकल्पाचे निर्मिती-पत्रक, मीटरची नोंद आणि बिल हे तिन्ही कागद एकाच फाइलला लावण्याचे काम कार्यालयातील एका ठराविक माणसाकडे सोपवावे.